चादरवाल्याचा दुसरा भाग आणि मल्लय्याची बशी

मल्लय्यानं उभ्या आयुष्यात कशालाही तोंडानं 'एक नंबर' म्हटलं नाही. बायकोच्या हातच्या आमटीला नाही, देवळाच्या नव्या कळसाला नाही, स्वतःच्या नातवालाही नाही. नातू झाला तेव्हा सगळी गल्ली पेढे खात होती आणि हा पाळण्यात वाकून बाळाला उलटंपालटं करून बघत होता. मी म्हटलं, "काय बघतो बे? कारखान्यातला टॉवेल हाय का त्यो?" तर म्हणाला, "डावा कान जरा मुडपलाय." मग चहाची बशी उचलली, लांब घोट घेतला, मिशी पुसली आणि म्हणाला, "पण आवाज दणकट हाय. टिकंल."

ही त्याची रीत. आधी दोष, मग चहाचा घोट, मग 'पण'. ओळखीची माणसं घोट संपेपर्यंत गप बसायची. जी बसली नाहीत ती फसली. एकदा तर आमचं टॉकीजच बसायची वेळ आली होती. तेच सांगायचंय.

मी शाळेत चौथीपर्यंत गेलो, तीही अर्धीच. करकंबहून सोलापूरला आलो, टॉकीजच्या दारात डोअरकीपर म्हणून उभा राहिलो तो चाळीस वर्षं हललो नाही. माझ्या दारातून फुकट कुणी आत गेला नाही, फौजदार असो की मालकाचा मेहुणा. आजकाल पोरं कॉलेजं शिकून सिनेमावर बोलतात. मी चाळीस वर्षं पडद्याकडं पाठ करून उभा राहिलो आणि लोकांची तोंडं वाचली. त्यामुळं सिनेमातलं मला त्यांच्यापेक्षा जास्त कळतं. यात वाद घालू नये.

माझ्यापेक्षा जास्त कळणारा एकच माणूस, तो मल्लय्या.

पूर्व भागातला, म्हणजे विणकरांच्या वस्तीतला, तेलुगू घरचा. चादरी-टॉवेलच्या कारखान्यात चेकर. मागावरून उतरलेलं कापड उजेडासमोरून सावकाश सरकायचं आणि हा डोळे बारीक करून बघायचा. धागा तुटलेला दिसला की काठाला लाल दोरा बांधायचा. तेलाचा डाग, लाल दोरा. रंगाच्या छटेत फरक, लाल दोरा. शेवटी दोरे बघून मालाच्या तीन जाती करायचा. एक नंबर, डागी आणि चिंधी. एक नंबरचा शिक्काही मारायचा, पण मुकाट्यानं. जिभेला त्रास द्यायचा नाही.

त्याची खरी ख्याती डागी मालाबद्दल. दुसरे चेकर डागी म्हणजे डागी म्हणून ढकलून द्यायचे. हा प्रत्येक कापडाला न्याय द्यायचा. "ह्यो डाग धुण्यात जातोय." "ह्यो दिसाया वंगाळ, पण पाणी लई पितोय." गल्लीतल्या बाया त्याला विचारून डागी चादरी न्यायच्या आणि वीस-वीस वर्षं अंगावर घ्यायच्या. एक नंबरवाल्या चादरी पाहुण्यांसाठी कपाटात ठेवून त्यांना कसर लागायची.

जन्म मागाच्या खडखडाटात गेल्यामुळं त्याचे कान बसलेले. कुजबुजणं म्हणजे काय हे त्याला ठाऊकच नव्हतं. त्यानं कानात सांगितलेलं गुपित तीन गल्ल्यांपलीकडं पोचायचं.

धाकट्या लेकीसाठी मुलगा बघायला गेला तेव्हा मी बरोबर होतो. मुलगा पतसंस्थेत कारकून. त्याचा बाप फेट्यातला माणूस, बोलताना स्वतःच्याच आवाजावर खूश. चहा आला. बापानं विचारलं, "मग, कसा वाटला आमचा मुलगा?"

मल्लय्या म्हणाला, "डागी हाय." आणि बशी उचलली.

तो बाप ताडकन उठला. "आमच्या घरात बसून आमच्याच पोराला डागी म्हणता?" फेटा एकीकडं, माणूस एकीकडं, पायात दुसऱ्याची चप्पल घालून तो स्वतःच्याच घरातून बाहेर पडला. मल्लय्या शांतपणे घोट घेतोय. घोट संपला, मिशी पुसली आणि रिकाम्या खुर्चीला सांगायला लागला, "चालताना पाय घासतोय, बोलताना खाली बघतोय. पण आईला पाणी पायजे होतं तवा बहिणीला न्हाय सांगितलं, सोता उटला. लेक द्यायला पर्वालेदू."

पर्वालेदू हा त्यांच्या तेलुगूतला शब्द. चालतंय, वाईट नाही, काळजी करू नका, असं सगळं त्यात येतं. मल्लय्याच्या तोंडून पर्वालेदू म्हणजे दुसऱ्याच्या हातून हारतुरे. पण ते ऐकायला बाप कुठं होता? मी कोपऱ्यावरच्या पानपट्टीपर्यंत पळत गेलो, त्याला धरून आणला आणि पुढचं अर्धं वाक्य ऐकवलं. लग्न झालं. जावई आजही पाय घासत चालतो आणि सासूला स्वतः उठून पाणी देतो.

असा हा माणूस साठीला आला आणि एका उडणाऱ्या पोराच्या नादी लागला.

सिनेमा तेलुगूतून आलेला. त्यातल्या पोराची आई हातमागावर एक कापड विणते, पोरगं ते गळ्याला बांधतं आणि उडायला लागतं. पोस्टरवर त्याचं काहीतरी वजनदार नाव होतं, पण आमच्याकडं सगळे त्याला 'चादरवाला' म्हणायचे. सोलापुरात पाठीवर कापड टाकून कुणी उडायला लागला तर दुसरं काय म्हणणार? अख्खा पूर्व भाग वेडा झाला. मल्लय्यानं पहिला भाग अकरा वेळा पाहिला. पुढून तिसरी रांग, कडेची खुर्ची. मांडीवर लाल दोरा. सिनेमात चूक दिसली की दोऱ्याला गाठ मारायची. अकराही वेळा गाठी पाचच. बाहेर येऊन टपरीवर निकाल दिला, "माग उलट्या बाजूनं जोडलाय. पोराची हिरोईन उगाच हाय." घोट. "पण पोरगं कापडाला मान देतंय. पर्वालेदू." दुसऱ्या दिवसापासून टॉकीजला खुर्च्या पुरेनात. घरी भिंतीवर देवांच्या शेजारी चादरवाल्याचं कॅलेंडर लागलं. वर्ष संपलं तरी उतरलं नाही.

तीन वर्षांनी दुसरा भाग येणार म्हणून कळलं, तेव्हा टॉकीजची अवस्था बघवत नव्हती. लोक फोनवर सिनेमा बघायला लागलेले. मालकानं मला बोलावून सांगितलं, "तात्या, हा दोन आठवडे भरला तर ठीक. नाहीतर टॉकीज बंद, मंगल कार्यालय काढतो. तुमची काळजी नको. तुम्हाला ठेवू की. दारात उभं राहून अक्षता वाटायच्या."

मी बॅटरी धरणारा माणूस. मी अक्षता वाटू?

तिकडं चाहता मंडळाची तयारी सुरू झाली होती. अध्यक्ष आमच्या गल्लीतला पंकज. त्याचं मोबाइलवर स्वतःचं चॅनेल होतं, त्यावर तो जगातल्या सगळ्या गोष्टींचा एका शब्दात निकाल द्यायचा. त्यानं चौकात वीस फुटी फ्लेक्स लावला. मधे पंकज, कानाला फोन. भोवती शुभेच्छुकांचे पाऊणशे चेहरे, निम्मे गॉगलमधले. चादरवाला कुठंय म्हणून मी बॅटरी मारून शोधला, तर खाली कोपऱ्यात, शुभेच्छुक नंबर बावन्नच्या खांद्यामागं उडत होता. शुक्रवारी सकाळी कटआउटला दुधाचा अभिषेक झाला. खाली गल्लीतली चार कुत्री जमली होती. सिनेमा हिट झाल्याचं सगळ्यात आधी त्यांनी जाहीर केलं.

गुरुवारीच मी मल्लय्याच्या घरी गेलो होतो. मी कुणापुढं हात पसरत नाही, पण गेलो.

"मल्लय्या, उद्या बाहेर येऊन एक नंबर म्हणायचं."

"बघितल्याबिगर?"

"बघून म्हण. पण म्हण."

"आन् नसला तर?"

"नसला तरी म्हण की! तुझं काय जातंय बे? माझं दार जातंय."

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. मग म्हणाला, "तात्या, खोटा शिक्का मारला, तर म्होरच्या खऱ्या शिक्क्याला कोण इचारंल?"

"म्होरचा शिक्का मारायला टॉकीज तर उरलं पायजे!"

"मला बी पायजे की. तिसरी रांग गेली तर मी कुटं बसू?" एवढं बोलून त्यानं चहा मागवला. मी चहा न घेताच उठलो.

शुक्रवारी दुपारी बाराचा पहिला खेळ. पोरांनी शिट्ट्यांनी छप्पर उचललं. चादरवाला आला, उडाला, आणि तिसऱ्या रांगेतून मल्लय्याची कुजबुज सगळ्या थेटरात घुमली.

"शेड फरक! आत्ता तांबडं हुतं, आता कुंकवाचं झालं!"

"ओ मामा, गप की!"

"वारं मागनं हाय, आन् कापड मागं कसं जातंय बे? ह्ये कापडच न्हाय! कंप्युटर हाय!"

त्याचं खरं होतं. पहिल्या भागात आईनं विणलेलं कापड होतं, या भागात पैसा जास्त आल्यामुळं कापड नाहीसं झालं होतं. शिवाय चादरवाल्याला चार उडणारे मित्र दिलेले, प्रत्येकाला एक गाणं आणि एक दुःख. व्हिलन आभाळातून आला आणि चाळीस मिनिटं नुसत्या इमारती पाडत बसला. मी दारात पाठ करून उभा, पण मल्लय्याच्या प्रत्येक ओरडण्याला माझ्या काळजाला गाठ बसत होती.

शेवटी शेवटी त्याचा आवाज बंद झाला. पहिल्यांदा बरं वाटलं. मग भीती वाटली. म्हातारा माणूस, उकाड्याचे दिवस. मी जाऊन बॅटरी मारली. मल्लय्या तोंड उघडं टाकून पडद्याकडं बघत होता. दोरा मांडीवरून खाली लोंबत होता. मला म्हणाला, "उजेड काढ." आणि ते मात्र खरोखर कुजबुजून म्हणाला.

खेळ सुटला. समोरच्या टपरीवर गर्दी. पंकज मोबाइल धरून तयार. "मामा, एका शब्दात! हिट का फ्लॉप?"

मल्लय्यानं दोरा वर धरला. "माल डागी हाय. तेवीस गाठी." आणि बशी उचलली.

पंकजला हवं होतं ते मिळालं. त्यानं फोन बंद केला, गाडीला किक मारली आणि गेला. गर्दी हळहळत पांगली. आणि मी? मी ओळखीचा माणूस, त्याच्या लेकीच्या सासऱ्याला पानपट्टीवरून धरून आणणारा. मलाही राग आवरला नाही. तेवीस गाठी ऐकल्या आणि पाठ फिरवून दारात जाऊन उभा राहिलो. मागं मल्लय्या बशीतला चहा पीत उभा होता आणि त्याच्यापुढं कुणीच नव्हतं.

रात्रीतून ते सगळ्यांच्या मोबाइलवर गेलं. 'चेकरनं नापास केला.' सहा सेकंदांचा व्हिडिओ. शनिवारी बाराच्या खेळाला आत सात माणसं होती, त्यातली दोन गारव्याला आलेली. मालक हातात फूटपट्टी घेऊन स्टेज कुठं येईल ते मापत होता.

तेवढ्यात मल्लय्या आला. हातात दोरा आणि तिकीट.

"तात्या, तू बी गेलास?"

"काय ऱ्हायलं हुतं ऐकायचं? तेवीस गाठी झाल्या की!"

"तेवीसच्या म्होरं ऐकलंस का?" त्यानं दोरा माझ्या हातात दिला. सुरुवातीला गाठीला गाठ लागलेली, आणि शेवटचा हातभर दोरा साफ. "शेवटची वीस मिनिटं एक बी गाठ न्हाय. मी तपासायचंच इसरलो. उभ्या जल्मात असं झालं न्हवतं."

"मग सिनेमा चांगला हाय का तुझं डोकं गेलंय?"

"त्येच बघाया परत आलोय. फाड तिकीट."

परत पाहिला. गाठी तेवीसच. परत विसरला. बाहेर येऊन टपरीवर बसला आणि त्याच्याकडून मला कळलं ते असं. लढाईत कापड फाटतं. चादरवाला जमिनीवर येऊन पडतो. बाहेर सगळं शहर कोसळतंय आणि म्हातारी आई दिव्यापाशी ते कापड घेऊन बसते आणि टाके घालायला लागते. बराच वेळ. गाणं नाही, बोलणं नाही.

मी म्हटलं, "भायेर माणसं मरायलीत आन् ही बाई रफू करत बसली? ही तर चोविसावी गाठ झाली बे!"

मल्लय्या म्हणाला, "रफू करणारीला घाई करून चालत न्हाय." बशी उचलली, घोट घेतला. "डागी हाय, पण फेकायचा न्हाय. पर्वालेदू. मी पूर्ण बोललो हुतो तात्या. तुमी अर्धं नेलं."

दुसऱ्या दिवसापासून तो टॉकीजच्या फाटकात उभा राहायला लागला. प्रत्येक खेळाच्या आधी, उन्हात, येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून आपलं वाक्य पूर्ण करायचा. आणि सांगायचं म्हणजे त्याच्या आवाजात. माणसं जमली. चाळीस-चाळीस माणसं जमली. सगळी गोष्ट शेवटापर्यंत ऐकायची, डोळे पुसायची आणि जेवायला घरी जायची. आत खुर्च्या रिकाम्याच.

तिसऱ्या दिवशी मी बाहेर येऊन ओरडलो, "टॉकीज वाचवतोय का बुडवतोय बे? त्यांना तू फुकटात दाखवाया लागलास, मग तिकीट कशाला काढतील?"

मल्लय्यानं दोऱ्याचं साफ टोक बोटांत धरलं. म्हणाला, "बरोबर हाय तुझं. हितनं म्होरं माझी गाठच न्हाय, तर मी सांगतोय कशाच्या जिवावर? तपासलेलंच न्हाय त्ये सांगणं खोटंच की."

त्यानंतर तो फक्त तेवीस दोष सांगायचा. एकेक गाठ बोटानं दाखवून, रंग, वारा, चार मित्र, त्यांची दुःखं. साफ दोरा आला की तो लोकांच्या हातात द्यायचा. "हितनं म्होरं मला म्हाईत न्हाय. मी इसरलोय. काय दोष असंल तर तुमी बघा आन् मला येऊन सांगा."

आता सांगा, मल्लय्या चेकरची चूक काढायची संधी सोलापूरचा माणूस सोडंल होय? ज्याच्या लाल दोऱ्यानं गल्लीतल्या प्रत्येक विणकराचा माल कधी ना कधी डागी केलेला, त्याच्या नजरेतून सुटलेला दोष! माणसं तिकिटं काढून आत घुसली. रिटायर विणकर चष्मे पुसून पुढच्या रांगेत बसले. विड्या वळणाऱ्या बाया सुपं शेजारणीकडं ठेवून आल्या. कुणी घरून दोरा घेऊन आलं. त्या वीस मिनिटांत थेटरात शिट्टी नाही, खोकला नाही. बाहेर पडताना मल्लय्या फाटकात उभा, "घावली का?" आणि लोक मान हलवून निघून जायचे. मी तोंडं वाचणारा माणूस. ती तोंडं मी वाचली. हरल्याचं दुःख त्यांच्यात नव्हतं.

एक म्हातारा विणकर मात्र तावातावानं आला. "घावली! कात्री म्होरं पडलीया आन् बाई दोरा दातानं तोडतीया."

मल्लय्यानं विचार केला. "कात्री घ्यायची तर एक हात सोडावा लागतोय. टाका ढिला पडतोय. दातच बरा."

 म्हातारा दुसऱ्या दिवशी परत तिकीट काढून आला.

दोन आठवडे भरले. मालकानं फूटपट्टी आत ठेवली. "दिवाळीपर्यंत बघू," म्हणाला. चौकात नवीन फ्लेक्स लागला. 'चित्रपट यशस्वी केल्याबद्दल जाहीर आभार.' त्यात मालक, दोन पुढारी आणि मधे पंकज, 'ज्यानं पहिला रिव्ह्यू दिला'. मल्लय्या कुठंच नव्हता. मी चिडून त्याला तिथं नेऊन उभा केला. त्यानं वरून खालपर्यंत फ्लेक्स तपासला. "छपाई डागी हाय." टपरीवरून बशी मागवली, घोट घेतला. "पण कापड जाड हाय. पावसाळ्यात छपरावर टाकाया पर्वालेदू." खरंच, जूनमध्ये तो फ्लेक्स त्याच्या पत्र्यावर होता आणि पंकज आभाळाकडं बघत फोनवर बोलत होता.

सिनेमा गेला, दुसरे आले. एका दुपारी मल्लय्या टपरीवर आला. दम लागलेला. बाराच्या खेळाला दहा मिनिटं होती म्हणून मी त्याच्याशेजारी बसलो. काय मनात आलं कुणास ठाऊक, विचारलं, "मल्लय्या, जगाचं तपासलंस. माझं काय?"

त्यानं डोळे बारीक केले. उजेडासमोरून कापड सरकवावं तसा मला टोपीपासून चपलेपर्यंत बघितला.

"तू? डागी."

"का बे?"

"हेकट हायस. फुशारकी लई. आन् त्या दिशी घोट संपायच्या आदी गेलास."

एवढं बोलून त्यानं बशी उचलली, ओठाला लावली, आणि टॉकीजची घंटा झाली. घंटेला मी कधी उशीर केलेला नाही. म्हटलं, "थांब, दार उघडून आलोच." लोक आत सोडले, पडदा उजळला, मी बाहेर आलो. बाकड्यावर रिकामी बशी होती. नातू येऊन त्याला गाडीवर बसवून घेऊन गेला म्हणाले. म्हटलं, उद्या विचारू. चार दिवसांनी निरोप आला तो मल्लय्या गेल्याचा. झोपेतच गेला.

गल्लीतली माणसं मला चिडवतात. म्हणतात, "तात्या, मल्लय्या तुमाला डागी म्हणून गेला की वो!"

म्हणू द्या. बशी त्याच्या ओठाला लागलेली मी माझ्या डोळ्यांनी बघितली आहे.